अकरा मिनिटं

रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं,
वर शिंपल्यासारखं झाकण.
त्यात मी एकतीस वर्षं बसले.
कुताईसीतल्या लोकांना माझा चेहरा ठाऊक नाही.
नटांना माझे ओठ पाठ,
आणि मला सगळ्यांचे बूट.

त्सिसानाचे बूट पहिल्यांदा पाहिले
तेव्हा ते पुरुषी होते, भावाचे,
पुढे वर्तमानपत्र कोंबलेले.
बाविशीची पोर. वहीत पहिलं नाटक:
एक पोस्टमन गावभर पत्रं वाटतो,
आणि सगळी त्यानंच लिहिलेली.
तालमीत नटांना दटावायची,
"रडू नका. तुम्ही रडलात की लोक मोकळे होतात.
मोकळं व्हायला त्यांना घरं आहेत."
तिसरी घंटा झाली. मी पहिलं वाक्य कुजबुजले.
कुणालाच गरज पडली नाही.

मग तिला सिनेमानं नेलं.
जाताना बसथांब्यावरच्या म्हातारीचा प्रसंग
माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला,
मनगटावर घड्याळ धरून.
अकरा मिनिटं. ती खूश झाली,
माझ्या ओंजळीत अक्रोड ओतले आणि गाडीत बसली.

मॉस्कोत सात जणांनी तो सिनेमा
एका दुपारी, जेवणानंतर पाहिला.
म्हणाले, ही बाई फार वेळ वाट पाहते.
आपल्याकडे बस वेळेवर येते.
कात्री चालली. ती फीत कुठं गेली कुणास ठाऊक;
कुणी म्हणतं, वितळवून तिच्यातली चांदी काढली.

पुढं तिनं चार सिनेमे केले.
एक कपाटात राहिला. एकाला बक्षीस मिळालं,
ते घ्यायला दुसराच कुणीतरी गेला.
एक ट्रॅक्टरवरचा, निव्वळ पैशांसाठी;
त्याचं नाव ती काढू देत नाही.
मला तोच आवडतो.
त्यात एक पोरगी नांगरटीच्या कडेला
उगाचच, कथेत काही काम नसताना, शिट्टी वाजवायला शिकते.

देश फुटला तेव्हा ती परत आली,
हातात एक सुटकेस आणि भिंग.
स्टुडिओत पलंग विकायला ठेवले होते.
त्या हिवाळ्यात वीज नव्हती, पाव नव्हता,
तिकिटाला आम्ही एक लाकूड घ्यायचो
आणि शेगडीत घालायचो.
लोक ओव्हरकोटात बसत,
त्यांच्या तोंडच्या वाफेवरून कळे, किती जण आलेत.
कंदील एकच. तिनं तो नटांना दिला.
"आणि मी?" मी भोकातून विचारलं.
"तू पाठ कर."
केलं. सातही नाटकं.
त्याचा राग अजून गेलेला नाही.

परवा तिला ऐंशी झाली.
सत्कारात महापौर चुकीच्या नाटकाबद्दल बोलले.
तिनं मान डोलावली, शाल घेतली, ती बसमध्ये विसरली.
संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात
भांड्यातल्या आलुबुखाराच्या चटणीकडे बघत म्हणाली,
"लामारा, ती बाई कुणाची वाट पाहत होती?"

मला सगळं येत होतं.
कुणाचीच नाही, असं लिहिलं होतं त्सिसानानं.
थांब्यावर ऊन येतं, घरी येत नाही,
म्हणून ती रोज तिथं येऊन बसते,
आणि ड्रायव्हर रोज तिच्यासाठी बस थांबवतो.
पण आमच्या धंद्याचा नियम आहे:
पहिला शब्द द्यायचा, वाक्य नाही.

"ऊन..." मी म्हणाले.

ती बराच वेळ गप्प.
खाली रिओनी नदी आपल्या पांढऱ्या धोंड्यांवरून
नेहमीसारखी तक्रार करत चाललेली.
"ऊन," ती म्हणाली, "आणि तिच्या मांडीवर
नवऱ्याचे ओले मोजे. वाळवायला आणलेत.
नवरा कधीचा गेलाय.
ती ते रोज धुते."

हे त्या अकरा मिनिटांत नव्हतं.
कुठंच नव्हतं.
गॅस बारीक करून
मी पेन शोधायला उठले.